घोटाच्या अलीकडची वाईन

ज्या देशात रस्त्यावर थुंकलं की दंड होतो, त्या देशात मी नऊ वर्षं थुंकण्याचा पगार घेतला. हे वाक्य मी घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलेलं आहे, तेव्हा इथेही आधी ते लिहून टाकते आणि मोकळी होते. सिंगापूरला वाईन आयात करणाऱ्या एका कंपनीत मी चाखणारी होते. कॅलिफोर्नियाहून येणाऱ्या लाल आणि पांढऱ्या वाईन माझ्याकडे असायच्या. नमुना आला की ग्लासात ओतायचा, उजेडात धरून बघायचा, हुंगायचा, तोंडात घेऊन चूळ भरल्यासारखा घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. मग कागदावर लिहायचं. त्या भांड्याला ऑफिसात इंग्रजी नाव होतं. मी पहिल्या दिवसापासून त्याला पिकदाणीच म्हणत आले.

थुंकणं म्हणजे नासाडी, असं बाहेरच्यांना वाटतं. पण सकाळी वीस नमुने समोर असतात. प्रत्येकाचा एकेक घोट घेतला तर सहाव्या-सातव्या नमुन्यापाशी माणूस कामातून जातो. म्हणून या धंद्यात सगळेच थुंकतात. फरक एवढाच, की बाकीचे सकाळी थुंकायचे आणि संध्याकाळी जेवताना त्यातलीच एखादी आवडलेली प्यायचे. मी फक्त थुंकायचे.

त्याचं कारण माझे वडील. आम्ही औरंगाबादचे, बौद्ध. बाबा शाळेत इंग्रजी शिकवायचे. पंचशीलातलं पाचवं शील, मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं, आमच्या घरी नुसतं म्हणायचं नव्हतं. बाबांचे थोरले भाऊ दारूने गेले. ते वाटेत पडले की शाळकरी वयाचे बाबा त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेऊन त्यांना धरून घरी आणायचे. पुढे आमच्या वस्तीच्या तोंडाशी गुत्ता उघडला, तेव्हा बाबा वस्तीतल्या बायकांबरोबर त्याच्या दारात बसले आणि तो बंद होईपर्यंत उठले नाहीत. अशा माणसाची मुलगी मी. एम.एस्सी. फूड टेक्नॉलॉजी करून, लग्न करून, नवऱ्याच्या संशोधनापायी सिंगापूरच्या क्लेमेंटी भागात भाड्याच्या खोलीत येऊन पडले आणि वर्षभर घरी बसून कंटाळले. पेपरात 'क्वालिटी असिस्टंट, बेव्हरेजेस' अशी जाहिरात आली. मला वाटलं, सरबतं असतील.

मुलाखतीला तीन ग्लास ठेवले होते. यातली खराब कुठली, एवढंच सांगा म्हणाले. मी नुसता वास घेतला. मधल्या ग्लासाला भिजून कोंदटलेल्या गोणपाटाचा वास होता, तसं सांगितलं. बुचाला बुरशी धरली की असा वास येतो, हे मला पुढे कळलं. नोकरी तिथेच पक्की झाली.

बाबांपासून मी काही लपवलं नाही. फोनवर सगळं सांगितलं, की तोंडात घ्यावी लागते, पण गिळायची नाही. ते 'कळवतो' म्हणाले आणि फोन ठेवला. पंधरा दिवसांनी पत्र आलं. जिभेला चव कळणं हा दोष नाही, घोट घेणं हा दोष आहे, असा मास्तरी निकाल त्यात होता. खाली लिहिलं होतं, 'घोटाच्या अलीकडे राहा.' मी ते पत्र अनेकदा वाचलं आणि निर्धास्त झाले.

कामाची पहिली अडचण भाषेची होती. छापील फॉर्मवर ब्लॅककरंट, गूजबेरी अशी फळं असत. ती मी जन्मात खाल्ली नव्हती. मग मी माझी एक वही केली. सोव्हिन्यों ब्लाँ ही पांढरी वाईन म्हणजे कैरी आणि मोडलेली हिरवी मिरची. लाकडी पिंपात मुरलेली शार्डने म्हणजे तुपावर भाजत आलेला रवा, त्यात कुस्करलेलं केळं. कॅबर्ने सोव्हिन्यों ही लाल वाईन जांभळासारखी जीभ आखडते, आणि चांगली असली तर ती आखडलेली जीभ हळूहळू सैल होते. झिनफांडेल म्हणजे करवंदाचा पाक, वर मिरपूड. वहीतून फॉर्मवर उतरवताना मी त्याचं इंग्रजी करायचे. वर्षभरात आमचे मॅनेजरच विचारू लागले, की फॉर्म राहू दे, तुझ्या वहीत काय आहे?

दुसरी अडचण उन्हाची. वाईनला ऊन सोसत नाही आणि सिंगापुरात तर दुसरं काही नाही. बोटीवर कंटेनर तापला की आतली लाल वाईन शिजते. बूच वर सरकतं आणि चवीला उकळलेल्या मनुका लागतात. आमचं गोदाम त्यासाठी पंधरा अंशांवर ठेवलेलं असे. विषुववृत्तापासून हाकेच्या अंतरावर मी रोज स्वेटर घालून कामाला जायचे. बसमधले लोक माझ्याकडे बघायचे आणि अंग चोरून बसायचे, तापबिप असेल म्हणून.

एका सीफूड रेस्टॉरंटचे मालक तक्रार घेऊन आले की तुमची लाल वाईन घशात जळते. जाऊन पाहिलं तर बाटल्या भटारखान्याच्या भिंतीला लावलेल्या फळीवर. मी म्हटलं, "अंकल, इथे कशाला ठेवल्यात?" ते म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय, रेड वाईन रूम टेम्परेचरला द्यायची. ही माझी रूम." मी त्यांना म्हटलं, पुस्तक लिहिणाऱ्याची खोली थंड देशात आहे, तुमची बत्तीस अंशांवर आहे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. त्यांनी कोळंबीच्या शेजारी ठेवली. पुन्हा तक्रार आली नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या एक आजीबाई शार्डनेत बर्फाचे खडे टाकून प्यायच्या. वेटर माझ्याकडे बघायचे, मी रागवेन म्हणून. मी कशाला रागावू? पिणाऱ्या त्या होत्या.

असं सगळं छान चाललं होतं आणि मला थोडी शिंगं फुटली होती. 'न पिणारी इंडियन लेडी' म्हणून धंद्यात माझं नाव झालं होतं, आणि मला ते आवडायचं. तिसऱ्या वर्षी मेधाचा फोन आला.

मेधा आणि समीर पुण्याचे. समीर आयटीत मॅनेजर. आम्ही एव्हाना जुरोंग ईस्टला राहायला आलो होतो आणि त्यांनी जवळच्याच काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीत, घर घेतलं होतं. मेधा मराठी मंडळींच्या मुलांना पेटी शिकवायची. वास्तुशांत रीतसर झाली, आणि पुढच्या रविवारी दुपारी समीरच्या ऑफिसातल्या आणि आपल्या लोकांना जेवायला बोलावलं होतं.

"सुजाता, वाईन तू सांग गं," ती म्हणाली. "आमच्यातल्या निम्म्या जणी पहिल्यांदाच घेणार आहेत. कडू नको, आंबट नको. सरबतासारखी जाईल अशी दे."

मी दोन दिवस विचार केला. शार्डने तिला जड वाटली असती, कॅबर्नेने बायकांनी तोंडं वाकडी केली असती. मी एक झिनफांडेल निवडली. जिभेवर इतकी मऊ, इतकी गोलसर, की करवंदाचा मुरांबाच. तिने मागितलं तंतोतंत तेच दिलं.

रविवारी मी स्वतः तिथे होते, हातात लिंबाचं सरबत घेऊन. "अगं, ही दारू वाटतच नाही!" असं बायका एकमेकींना सांगत होत्या. ग्लास रिकामे होत होते, पुन्हा भरत होते. सगळ्यांनी माझं कौतुक केलं आणि मी ते घेतलं. तीन-साडेतीनच्या सुमाराला मेधा जिलबीचं ताट घेऊन पोहण्याच्या तलावाकडे निघाली. तिथे चार पायऱ्या आहेत. ती पहिल्या पायरीवरून थेट खाली गेली. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन करून आत धातूची पट्टी बसवावी लागली.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले. ती उशीला टेकून बसली होती.

"एक विचारू?" ती म्हणाली. "ती वाईन तू स्वतः पिऊन पाहिली होतीस का?"

"चाखली होती की."

"चाखली नाही गं. प्यालीस का?"

"नाही. मी पीत नाही, तुला माहितीये."

"मग प्यायल्यावर काय होतं, ते तुला माहीतच नव्हतं," मेधा म्हणाली. "आणि तू सांगितलंस."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने ते अगदी शांतपणे, हिशेब समजून घेतल्यासारखं म्हटलं. तिचं मनगट पुढे जुळलं, पण पूर्वीसारखं वळलं नाही, आणि पेटीची शिकवणी हळूहळू बंदच पडली. आमचं येणं-जाणं राहिलं. ती मला कधी टाकून बोलली नाही. मला मात्र तिच्या घरातली ती झाकून ठेवलेली पेटी अजून बघवत नाही.

माझी चूक नेमकी काय होती, ते सांगते, कारण ती माझ्यासारखीच्याच हातून होऊ शकली असती. कॅलिफोर्नियाच्या उन्हात द्राक्षं पिकून खूप गोड होतात. जितकी साखर, तितका पुढे अल्कोहोल. त्या झिनफांडेलमध्ये तो साडेपंधरा टक्के होता, नेहमीच्या वाईनपेक्षा बराच जास्त. बाटलीवर बारीक अक्षरात छापलेलाही होता, मी वाचलाही होता. पण तोंडात घेऊन थुंकणाऱ्याला तो गोडव्याआड दिसत नाही. त्याचा हिशेब घशाखाली सुरू होतो, दुसऱ्या ग्लासानंतर. शिवाय ओळीने वीस नमुने चाखले, की सगळ्यांत गडद, गोड, भरदार असते तीच लक्षात राहते. पिणारा माणूस मात्र तिच्या अर्ध्या ग्लासात थकतो. दुसरे चाखणारे संध्याकाळी घरी पिऊन आपले सकाळचे निकाल दुरुस्त करत. माझे निकाल कधी दुरुस्त झालेच नव्हते. तीन वर्षं मी वाईनचा अर्धाच भाग बघून तिच्याबद्दल छातीठोक बोलत होते.

मी नोकरी सोडायचं ठरवलं. तो विचार मी पहिल्यांदा बोलून दाखवला तो अंकल लिमना.

अंकल लिम गोदामाचे स्टोअरकीपर. साठीला आलेले, सडसडीत, स्वेटरच्या आत कॉलर बंद केलेला शर्ट. पत्नी वारलेली, क्लेमेंटीच्या सरकारी फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. त्यांचं इंग्रजी सिंगापूरचं, वाक्याच्या शेवटी 'लाह' लावलेलं, आणि मला ते 'गर्ल' म्हणायचे. माझी कहाणी त्यांनी खोक्यावर बसून ऐकून घेतली आणि म्हणाले, "तुझी जीभ चांगली, गर्ल. पोट नाही. माझ्याकडे पोट आहे लाह."

अशी आमची पद्धत सुरू झाली. मी सकाळी नमुना चाखायचे. ज्याच्याबद्दल शंका असेल ती बाटली लिम घरी न्यायचे. सहा वाजता जेवणाबरोबर एक ग्लास, मग तासाभराने दुसरा. दुसऱ्या दिवशी मला अहवाल. तो लिहून ठेवायला त्यांनी शाळेच्या मुलांची रेघांची वही आणली होती. "पहिला ग्लास, फ्रेंड. माशाबरोबर चांगली." "दुसरा ग्लास, कान गरम, टीव्हीतलं काही समजलं नाही." "ही नको. पाण्याचे चार ग्लास प्यालो." कधी नुसतंच, "बायको असती तर तिला आवडली असती." मी माझ्या फॉर्मवर शेवटी दोन ओळी त्यांच्या अहवालाच्या घालायचे. मॅनेजरना पद्धत माहीत होती, त्यांना तिचं हसू यायचं, पण निकाल बरोबर यायचे. कुठली वाईन चार माणसांच्या जेवणाची, कुठली मोठ्या मेजवानीची, कुठली फक्त हुंगून ठेवून द्यायची, हे आम्ही दोघं मिळून जितकं अचूक सांगायचो तितकं गावात कोणी सांगत नव्हतं. हॉटेलवाले माझं नाव घेऊन विचारायला लागले. पाच वर्षं हे चाललं, आणि ती माझ्या नोकरीतली सगळ्यांत चांगली वर्षं होती.

फॉर्मवर सही मात्र माझी एकटीची असायची.

बाबा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. आई गेल्यावर एकदाचे ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. रोज सकाळी आंघोळ करून आम्ही दोघं वंदनेला बसायचो, लहानपणी बसायचो तसंच. बाबा पुढे म्हणायचे, मी मागून. त्याच दिवसांत लिम कामावर आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. पाय सुजले म्हणून त्यांना नोव्हेनाला दाखल केलंय, असं कळलं. घरी सोडल्यावर मी भेटायला निघाले. बाबा म्हणाले, "मीही येतो. तुझ्या तोंडून पाच वर्षं नाव ऐकतोय त्यांचं."

बुधवारची दुपार होती. लिमचा फ्लॅट सातव्या मजल्यावर, स्वच्छ, मोजकं सामान. त्यांचा चेहरा पिवळट पडला होता. बाबांना बघून त्यांना फार आनंद झाला. "टीचर! बसा, बसा. तुमच्या मुलीची जीभ, माझं पोट. हाफ-हाफ लाह!"

मी सफरचंद चिरायला घेतलं. बाबांनी टेबलावरची रेघांची वही उचलली, चष्मा लावला आणि विद्यार्थ्याची वही तपासावी तशी पहिल्या पानापासून वाचायला लागले. बराच वेळ ते एकेक पान उलटत होते.

मग त्यांनी आपल्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं, "तुम्हाला डॉक्टरांनी याची परवानगी दिली आहे?"

लिम हसले. "दोन वर्षं झाली, डॉक्टर बंद कर म्हणतोय. जुनी कावीळ आहे, तरुणपणची. लिव्हरमध्ये बसून राहिली. एक थेंब नको म्हणतो."

माझ्या हातातली सुरी थांबली. "दोन वर्षं? मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू विचारायचं बंद केलं असतंस."

"अर्थात केलं असतं!"

"मग?" ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "गर्ल, तीस वर्षं मी खोकी मोजली. किती आली, किती गेली. आत काय आहे, कसं आहे, हे मला कोणी विचारलं नाही. तू विचारलंस."

बाबांनी वही मिटली आणि माझ्याकडे न बघता, लिमना कळू नये म्हणून मराठीत म्हणाले, "सुजा, तुझं शील या माणसानं पाळलं. आपल्या पोटावर पाळलं." मग म्हणाले, "पत्रात मी तुला वाट काढून दिली. ती वाट कुठून जाते, ते मी बघायला पाहिजे होतं."

आयुष्यात बाबांनी मला मारलं नाही की ओरडले नाहीत. ते रागावून बोलले असते तरी मला इतकं लागलं नसतं.

आम्ही काय बोलतोय ते लिमना समजलं नव्हतं, पण आमचे चेहरे त्यांनी पाहिले. वातावरण हलकं करावं म्हणून ते उठले, फ्रिजकडे गेले आणि बाटली घेऊन आले. ते आजारी पडायच्या आधी मीच दिलेली कॅबर्ने. एका हॉटेलच्या मोठ्या लग्नासाठी ती घ्यायची की नाही हे शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. माझ्या जिभेला ती फार आवडली होती, आणि म्हणूनच मला तिची शंका होती.

"लास्ट वन," ते म्हणाले. "शुक्रवारी तुला उत्तर पाहिजे ना?" त्यांनी ग्लास भरला.

तो त्यांच्या ओठांपर्यंत जायच्या आत मी त्यांच्या हातातून घेतला.

बेसिन दोन पावलांवर होतं. मी तो ओतून देऊ शकत होते, बाटलीही ओतून देऊ शकत होते. तसं का केलं नाही, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. मी ओतला असता तर ते दुसरा भरून घेणार होते, कधी तरी, मी गेल्यावर, कारण प्रश्न तसाच उरला असता. आणि पाच वर्षं जे मी त्यांच्या घशात ओतत आले ते आज बेसिनमध्ये ओतून हात धुणं मला जमलं नसतं. बाबा समोर बसले होते. मी ग्लास तोंडाला लावला आणि घोट घेतला.

लिम आ करून बघत राहिले. मग त्यांनी काय केलं असेल? वही ओढली, पेन्सिल घेतली आणि घड्याळात वेळ पाहिली.

"घशात कसं?" त्यांनी विचारलं.

"गरम. जळत नाही, पण गरम आहे."

"थांब. घाई नको. आता? आता काय?"

आता जे होतं ते मला माहीत नव्हतं. थुंकलं की चव संपते, असं मी इतकी वर्षं समजत होते. गिळल्यावर ती वाईन परत वर आली. जांभूळ गेलं होतं, आणि खाली काहीतरी धुराचं, लाकडाचं, मंद असं उरलं होतं, आणि ते जाईना. 'फिनिश', म्हणजे घोटानंतर मागे उरणारी चव, हा रकाना मी हजारो फॉर्मांवर भरला होता. मी बाबांच्या समोर बसून पहिल्यांदा तो चाखत होते, आणि खरं सांगायचं तर तो फार सुंदर होता. त्याची मला तेव्हाही लाज वाटली आणि आजही थोडी वाटते.

लिमनी ग्लास संपेपर्यंत प्रश्न विचारले. कान? डोकं? भूक? भूक मेली, मी म्हटलं. झोप येतेय. उगाच हसू येतंय आणि त्याच वेळी रडूही येतंय. त्यांनी सगळं लिहून घेतलं. "बँक्वेटला नको," शेवटी ते म्हणाले. "एक ग्लासची वाईन आहे ही. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

बाबा त्या सगळ्या वेळात खुर्चीत ताठ बसून होते. निघताना त्यांनी लिमचे दोन्ही हात हातात घेतले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या मुलीसाठी तुम्ही खूप केलंत. आता करू नका." लिमनी मान हलवली. बाटली आम्ही बरोबर घेतली आणि खाली आल्यावर कचऱ्यात टाकली. बसमध्ये माझं डोकं जड झालं होतं. बाबांनी माझा हात धरून मला जुरोंग ईस्टला उतरवलं, आणि शाळकरी वयात कोणाला ते असे धरून आणायचे ते मला आठवलं.

शुक्रवारी मी मॅनेजरना सांगितलं, की मी फक्त चाखते, पीत नाही. माझ्या एकटीच्या सहीवर वाईन निवडू नका. ज्यांना पिता येतं, ज्यांची तब्येत चांगली आहे अशी चार माणसं जेवायला बसवा आणि त्यांना विचारा. त्यांनी कुरकुर केली, पण ऐकलं. त्या जेवणांना प्रश्न विचारायला अंकल लिम यायचे, चहाचा कप आणि वही घेऊन. फॉर्मवर आता त्यांची सही असे, माझ्या सहीच्या वर. निवडणारी म्हणून माझं जे नाव झालं होतं ते हळूहळू ओसरलं. कॅलिफोर्नियाला द्राक्षाचे मळे बघायला पाठवायचं मॅनेजरच्या मनात होतं, तेही राहिलं. मी पुढचं दीड वर्ष खराब बाटल्या ओळखायचं काम केलं आणि मग नोकरी सोडली. वाईट वाटलं का? वाटलं. लिम त्यानंतर तीन वर्षं जगले. डॉक्टर म्हणाले, आणखी लवकर थांबायला हवं होतं. ती दोन वर्षं माझ्या नावावर आहेत.

बुधवारनंतरची सकाळ सांगायची राहिली. मी वंदनेला बसू की नको या विचारात आंघोळीनंतर स्वयंपाकघरात उगाच भांडी हलवत होते. बाबांनी हाक मारली नाही. ते बसून होते, मेणबत्ती लावलेली, आणि सुरुवात करत नव्हते. शेवटी मी जाऊन शेजारी बसले. त्यांनी पुढे म्हणायचं, मी मागून, अशी चार शीलं झाली. पाचव्यापाशी बाबा थांबले.

मी वाट पाहिली. मला वाटलं, ते आता काहीतरी बोलतील, आणि बोलले तर मी मान खाली घालून ऐकून घ्यायचं ठरवलं होतं.

"हे आज तू पुढे म्हण," ते म्हणाले. "मी मागून म्हणतो."

मी म्हटलं. आणि माझ्यामागून एकेक शब्द, डोळे मिटून, बाबांनी म्हटला.